थ्री-नॉट-थ्रीचं हरीण

कुवेतच्या तेलकंपनीच्या अहमदी वसाहतीतल्या कोकणी मंडळींत बदरुद्दीन परकार दोन गोष्टींसाठी ओळखला जाई, त्याची सुरी आणि त्याची बंदूक. सुरीचं कौतुक लोक करत. बंदुकीचं कौतुक त्याला स्वतःलाच करावं लागे, आणि त्यात त्यानं कधी कुचराई केली नाही.

सुरीचं असं होतं, की दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या बायका पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन त्याच्या मागच्या पायरीशी येत. बदरू वर्कशॉपमधून येई, हातपाय-तोंड धुऊन वजू करी, कोंबडीला आधी पाणी पाजी, तिला किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवी आणि अल्लाचं नाव घेऊन सुरीच्या एकाच ओढीत काम संपवी. एकीचं कापलेलं दुसरीला दिसू नये म्हणून बाकीच्या कोंबड्या तो पत्र्याआड ठेवी. तोवर बायका आत जमिलाशी, म्हणजे त्याच्या बायकोशी, चहा पीत गप्पा मारत. चार वर्षांत तो कसं कापतो हे बघायला एकही बाई पायरीशी थांबली नव्हती. गरजच काय होती? बदरूच्या सुरीचं म्हणजे डोळे मिटून खावं.

ती सुरी त्याला अशरफचाचांनी दिलेली. चाचा दाभोळचे, उभा जन्म बोटींवर भंडारी म्हणून खलाशांचं जेवण रांधण्यात गेलेला. आता म्हातारपणी इथल्या एका मेसमध्ये चहा करत. खाण्याच्या बाबतीत मोठे काटेकोर. परदेशातून बर्फात गोठून येणारं मटण त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही. कुणी कापलं, कसं कापलं, आपल्याला काय ठाऊक, म्हणत. मच्छी खात, डाळ खात, आणि बदरूच्या हातची असेल तर कोंबडी. लोक थट्टा करत, "चाचा, जन्नतीत गेल्यावरपण आधी विचारणार, कोणी कापलां?" चाचा गंभीरपणे म्हणत, "विचारणार. का नाय विचारणार?"

बंदुकीची कथा वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बदरू तीन वर्षं बसऱ्याला फौजेच्या हत्यारखान्यात होता. गोळी त्यानं कुणावर झाडली नाही, पण हजारो रायफली खोलल्या, पुसल्या आणि परत जोडल्या. त्यामुळे साठ साली कुवेतच्या बाजारात एका दुकानाच्या कोपऱ्यात फौजेची जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल उभी दिसली, तेव्हा त्याला कुणी गाववाला भेटावा तसं झालं. तिच्यावर १९१७ सालचा शिक्का होता. लाकडी दस्ता फुटलेला, नळीत गंज, बोल्ट अडकलेला. त्यानं ती विकत घेतली आणि दोन महिने तिच्या दुरुस्तीत घालवले. शुवैखच्या गोदीतून सागवानी फळीचा तुकडा आणून त्यानं नवा दस्ता घडवला, नळी घासघासून आरशासारखी केली. बंदुकीसोबत फौजेच्या जुन्या काडतुसांचा एक डबाही मिळाला, पितळ काळवंडलेलं, पण आतला माल ठणठणीत.

वर्कशॉपच्या गोऱ्या साहेबालाही शिकारीचा नाद. त्याची रायफल नवी कोरी, वर दुर्बीण बसवलेली. त्यानं बदरूची बंदूक हातात घेतली, बोल्ट मागेपुढे करून पाहिला आणि कारागिरीची मनापासून तारीफ केली. मग डब्यातलं एक काडतूस उचलून म्हणाला, बंदूक छान आहे, पण ही गोळी शिकारीची नाही. फौजेच्या गोळीला वरून कडक कवच असतं, ती एका बाजूनं शिरते आणि दुसऱ्या बाजूनं सरळ निघून जाते. जनावर पडत नाही, पळत राहतं आणि कुठंतरी लांब जाऊन मरतं. दुसऱ्या दिवशी त्यानं बदरूच्या बंदुकीत बसतील अशी दहा नवी काडतुसं आणून दिली. त्या गोळ्यांच्या टोकाला शिसं उघडं होतं. ही आत फुलते, जनावर जागच्या जागी बसतं, असं त्यानं समजावलं.

बदरूनं ती घेतली आणि घरी ट्रंकेच्या तळाशी टाकली. साहेबाला दुर्बीण लागते, मऊ गोळी लागते, उद्या म्हणेल हरणालाही कुणी धरून ठेवा, असं तो जेवताना जमिलाला म्हणाला. जमिला हसली नाही. तिला बंदुकीचं बोलणं ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

बासष्ट सालच्या जानेवारीत अशरफचाचा कायमचे घरी निघाले. रमजान तोंडावर आला होता, पहिला रोजा दाभोळला धरायचा म्हणत होते. त्यांच्या निरोपाचं जेवण बदरूच्या घरी ठरलं, आणि गुरुवारी संध्याकाळी भरल्या बैठकीत बदरू बोलून गेला, "उद्या चाचांना हरणाचां मटण खिलवणार. माज्या बंदुकीचां, माज्या सुरीचां." बैठक खूश झाली. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज उरकून तो निघाला. सोबत शेजारचा झहूर, बाणकोटचा, हाडाचा ड्रायव्हर. त्यानं ओळखीच्या एका अरबाची, जाफरची, जुनी पिकअप मागून आणली होती. दुपारच्या जुम्म्याच्या नमाजेआधी परतायचं होतं. निघताना जमिलानं विचारलं, "साहेबाच्या गोल्या घेतल्यात?" बदरूनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दोन तासांनी, अहमदीच्या पश्चिमेला पार आत, खुरट्या झुडपांच्या एका पट्ट्यात त्यांना हरीण दिसलं. एकटंच, मान वर करून उभं. बदरू पिकअपच्या बॉनेटवर कोपर टेकून उभा राहिला आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी त्यानं हरणाच्या खांद्यावर आणली. चाप ओढला. हरीण एकदम उसळलं आणि पळत सुटलं.

"चुकला," झहूर म्हणाला.

"चुकला नाय. लागली." बदरूनं गोळी लागलेली पाहिली होती. पण हरीण असं पळत होतं, जणू कुणी नुसती टाळी वाजवली होती. मैलभर त्यांनी पाठलाग केला. मग पिकअपची मागची चाकं मऊ वाळूत रुतली. झहूर फावडं घेऊन खाली उतरला, आणि बदरू रक्ताचे थेंब बघत पायी पुढे गेला. थेंब आधी पावलापावलाला होते, मग दहा पावलांवर एक. पाऊण तास तो चालला. चालता चालता त्याला साहेबाचे शब्द आठवत होते आणि तो ते मनातून झटकत होता.

हरीण एका झुडपाच्या आडोशाला पडलं होतं. पोट हलत नव्हतं. उघड्या डोळ्यावर वाळूची बारीक पूड बसली होती, आणि पापणी मिटत नव्हती. अंग अजून कोमट होतं. खांद्याच्या मागे वाटाण्याएवढं एक भोक, आणि पलीकडच्या बाजूला तसंच वाटाण्याएवढं दुसरं. साहेबानं सांगितलं होतं ते अक्षरशः तसं.

आता बदरूच्या गावच्या मोहल्ल्यात याबाबत दोन मतं नव्हती. शिकार जिवंत हाती आली पाहिजे, तिच्या गळ्यावरून सुरी फिरली पाहिजे. मेलं म्हणजे मेलं. ते तिथंच सोडायचं आणि रिकाम्या हातानं घरी यायचं. त्याच्या बापानं रानडुकरांच्या मागावरच्या शिकाऱ्यांनी आणून दिलेलं भेकर असंच दारातून परत पाठवलं होतं, आणि आईनं त्या दिवशी सगळ्यांना पेज वाढली होती. बदरूला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायलाही त्याला जागा नव्हती.

पण त्याला बैठक दिसली. तोंडं दिसली. शनिवारी विचारायला येणारा साहेब दिसला. त्यानं कमरेची सुरी काढली, हरणाला किबल्याकडे वळवलं, आणि मेलेल्या गळ्यावरून सुरी फिरवताना तोंडानं अल्लाचं नावही घेतलं. ऐकायला तिथं चिटपाखरू नव्हतं, तरी घेतलं. दोनचार जाड थेंब आले आणि थांबले. सुरी पुसायला गेला, तर पुसण्यासारखं तिच्यावर फारसं काही नव्हतं. तेव्हा त्याला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. तरी त्यानं हरीण खांद्यावर टाकलं आणि तो परत निघाला.

झहूरनं पिकअप बाहेर काढली होती. गळा कापलेला बघून तो खूश झाला. "वेळेवर गावलां म्हणायचां." बदरू म्हणाला, "हां."

घरी जमिलानं मटण धुवायला घेतलं. एकदा धुतलं, पाणी लाल. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तरी पाणी लालच. मांस काळपट होतं, रक्त आतच राहिलेलं. गुरुवारच्या इतक्या कोंबड्या हाताखालून गेलेल्या बाईला ते न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. तिनं भांड्यावरून मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. बदरू म्हणाला, "रानातल्या जनावराचां असांच असतां." ती कांदा चिरायला लागली.

नमाजेनंतर सतरा माणसं जेवायला बसली. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर. चाचांच्या पुढ्यात पहिलं ताट आलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, भरल्या पंगतीत विचारलं, आणि त्यात संशय मुळीच नव्हता, सवय होती.

"बदरू, जित्तां गावलां ना?"

"हां चाचा. पाय झाडत होतां."

विचारल्याबरोबर उत्तर आलं, इतकं सहज, की बदरूला स्वतःचंच नवल वाटलं. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून घास घेतला. किती वर्षांनी हरीण खातोय, म्हणाले. लहानपणी बापानं एकदा खिलवलं होतं, तीच चव. हाडं चोखली, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि हात धुतल्यावर बदरूच्या हातांना बरकत मिळो म्हणून सगळ्यांदेखत दुवा मागितली. सगळे आमीन म्हणाले. बदरूलाही म्हणावं लागलं.  जमिला आत बायकांना वाढत होती. ती स्वतः का जेवत नाही म्हणून झहूरच्या मुनिरानं विचारलं, तर दाढ दुखते म्हणाली.

शनिवारी साहेबाला बातमी कळलेलीच होती. त्यानं अभिनंदन केलं आणि एकच विचारलं, किती लांब पळालं? बदरू म्हणाला, जागच्या जागी पडलं. साहेबानं मान डोलावली. बदरू दिवसभर एकाच पाइपावर कानस घासत राहिला आणि शेवटी तो पाइप वाया गेला.

ते पाच दिवस वाईट गेले. तो नमाजेला उभा राही आणि त्याला हरणाच्या डोळ्यावरची धूळ दिसे. लोक मात्र भेटेल तिथं हरणाच्या चवीची आठवण काढत. तो हसत असे, आणि हसून झाल्यावर त्याला आपलं तोंड कुठं लपवू असं होई.

बुधवारी चाचांची बोट. बदरूनं रजा टाकली आणि त्यांना पोचवायला शुवैखला गेला. वाटेत बसमध्ये त्यानं ठरवून टाकलं, की सांगायचं. ठरवल्यावर त्याला हलकंही वाटलं. आपल्यात एवढी हिंमत उरली आहे याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. त्याला कसला अभिमान वाटेल याचा खरंच नेम नव्हता.

धक्क्यावर गर्दी होती, कुलींची आरडाओरड होती. चाचा आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. बदरूनं त्यांच्यासमोर उकिडवं बसून, मान खाली घालून सांगितलं.

"चाचा, ता हरीण मेलेलां गावलां होतां."

चाचांनी ट्रंकेची कडी एकदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "कधी मेलां होतां?"

"माहीत नाय. डोल्यावर धूल बसली होती."

थप्पड बसेल असं त्याला वाटलं होतं. बसली असती तर बरं झालं असतं. चाचांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं, ओठ पुसले, परत परत पुसले. पाच दिवसांपूर्वीचं जेवण ओठांवर अजून असल्यासारखे.

"बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाय."

"मग मना एकट्यालाच का सांगतंस? मी जातंय म्हणून?"

 चाचा बोलले ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्याला त्या क्षणापर्यंत स्वतःलाही कळलं नव्हतं. समुद्र ओलांडून जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात बोचकं बांधायचं आणि आपण मोकळ्या हातानं घरी जायचं, एवढीच ती हिंमत होती. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं फडक्यात गुंडाळून आणलेली सुरी काढून पुढे केली.

"ही तुमची. माज्याजवल ठेवायची माजी लायकी नाय."

"नको," चाचा म्हणाले. "मी घेतली तर तू सुटशील. ठेव तुज्याजवल. मी नकलत खाल्लां, माजां अल्ला बघून घेईल. तुजां तू बघ."

ते उठले, ट्रंक कुलीच्या डोक्यावर चढवली आणि शिडीकडे गेले. दर वेळी ते निरोप घेताना गळाभेट घेत. त्या दिवशी घेतली नाही. शिडीवरून एकदा वळून त्यांनी हात तेवढा वर केला, आणि तोही बदरूसाठी होता की धक्क्यावरच्या आणखी कुणासाठी, हे बदरूला सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यानं जमिलाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"मना माहीत होतां."

"मग बोललीस का नाय?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघितली. मटण चुलीवर ठेवायच्या आधी बोलाल वाटलां. चाचांनी विचारलां तवा बोलाल वाटलां. मग सगल्यांनी खाल्लां." तिनं सूप खाली ठेवलं.  "मी वाढलां. माज्या हातानं पोरांना वाढलां. तुमची इज्जत राखायला गेलंय, आनि माजी पन घालवलीय."

बदरूला वाटलं होतं, की ही लाज आपली एकट्याची आहे. तसं नव्हतं. पाच दिवस ती बाई त्याच्या खोट्याचा अर्धा भार उचलून त्याच चुलीपुढे बसत होती, आणि त्यानं तिच्या दाढेची एकदाही चौकशी केली नव्हती.

"चला," ती ओढणी घेत म्हणाली. "मी पन येतंय."

पहिलं घर झहूरचं. झहूर ऐकून आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग बदरूचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. झहूर भला माणूस, त्यानं लगेच पळवाट शोधून दिली.

"बदरूभाय, इथले लोक म्हनतात, गोली झाडताना अल्लाचां नाव घेतलां, तर शिकार मेलेली गावली तरी चालते. तुमी घेतलां असेल ना?"

बदरूला तो झुडपांचा पट्टा आठवला. हरणाच्या खांद्यावर टेकलेली माशी आठवली. मनात आणलं असतं तर त्याला नुसतं हो म्हणता आलं असतं, आणि सतरा माणसांचं जेवण निदान काहींच्या मते तरी हलाल झालं असतं. झहूर आणि मुनिरा दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होती, हो म्हणावं म्हणून बघत होती.

"नाय," तो म्हणाला. "नाव घेतलां नाय. तवा मी मनात म्हनत होतो, बघ साहेबा."

मुनिरा उठून आत गेली. ती परत बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ते दोघं एकूण सात घरी गेले. कुणी तौबा तौबा करत कानाला हात लावला. कुणी म्हणालं, पचून गेलं आता, कशाला उकरता. एका घरी दार उघडलं आणि ऐकून झाल्यावर तसंच लावून घेतलं. सगळ्यात अवघड गेलं ते शेवटचं घर. तिथं त्यांना बसवून चहा दिला, आणि कप परत घेताना त्या म्हाताऱ्या बाईनं बदरूचा हात आपल्या हाताला लागू दिला नाही.

शनिवारी त्यानं साहेबाची दहा काडतुसं जशीच्या तशी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सांगितलं, दोन मैल पळालं होतं. साहेबानं काडतुसं मोजली नाहीत. बंदूक बदरूनं तेल लावून गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. तिचा काही दोष नव्हता. ती तिच्या कामासाठी बनली होती, आणि ते काम तिनं चोख केलं होतं.

घरोघर हिंडण्याचा तो दुसरा दिवस गुरुवारच होता, त्यामुळे त्या दिवशी कोंबड्या आल्या नाहीत याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या गुरुवारी बदरू वर्कशॉपमधून आला, वजू केला, मागच्या पायरीवर पाणी मारलं आणि वाट बघत बसला. सूर्य मावळला, मगरिबची बांग झाली. कुणी आलं नाही. जमिलानं आत चहाचं पातेलं मोठं ठेवलं होतं. तो चहा दोघांनी दोन दिवस गरम करकरून प्यायला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी रमजान लागला होता. दिवस कलल्यावर, अस्रच्या नमाजेनंतर, मुनिरा आली. तिच्या हातात पाय बांधलेली एक पांढरी कोंबडी होती. बदरूनं हात पुढे केला. नेहमीप्रमाणे जमिलानं आतून हाक मारली, "ये गो, आत ये."

"नको," मुनिरा म्हणाली. मग बदरूकडे न बघता, पायरीकडे बघत म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ बदरूभाय. कापून होईतो मी इथंच उभी रवतंय."

"रव," बदरू म्हणाला.

त्यानं कोंबडीला पाणी पाजलं. तिला किबल्याकडे वळवलं. अल्लाचं नाव त्यानं एरवीपेक्षा मोठ्यानं घेतलं, मुनिराला ऐकू जावं म्हणून, आणि तेवढ्यासाठी मोठ्यानं घ्यावं लागलं याची त्याला शरम वाटली. सुरी फिरली. रक्त पायरीवरून खाली मातीत वाहत गेलं. मुनिरानं ते थांबेपर्यंत नीट बघितलं, आणि मगच कोंबडी घ्यायला हात पुढे केला.

रोजे संपून ईद झाल्यानंतरच्या गुरुवारी सहा कोंबड्या आल्या. सहा बायका पायरीशी उभ्या राहिल्या. आत जमिलानं कुणासाठीच चहा ठेवला नव्हता.